गडाखालचा अर्धा वरवंटा

सीताफळांनी डोळे उघडले की माझे गुडघे दुखायला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं डॉक्टरला विचारलं तर तो हसेल. पण दर वर्षी आश्विनात हेच होतं. फळाच्या खवल्यांमधली फट पांढुरकी झाली की आम्ही म्हणतो, डोळे उघडले; आता तोडायला हरकत नाही. बाजारातून सून पाच-सहा फळं आणते, गवतात ठेवते, आणि इकडे माझ्या गुडघ्यांना वाटतं की आता गड चढायचा आहे. त्यांना कोणी सांगावं, की बाबांनो, बसा आता. ऐंशी उलटून गेली.

यंदा आमची मंजू आली होती. मंजू म्हणजे माझी नात, खामगावला नोकरी करते. आल्या आल्या पिशवी टाकली आणि विचारलं, "आजी, गडावर जायची वाट कुठून आहे गं?"

"काऊन? काय काम पडलं गडावर?"

"ट्रेकला जातोय आम्ही. नऊ जण आहोत."

"म्हंजे काय करता?"

"चालतो."

"आन् आणता काय?"

"काही नाही. फोटो."

"डोक्यावर काहीच नाही? येताना बी?"

ती हसायला लागली. मी काही विनोद केला नव्हता. माझ्या सगळ्या जन्मात मी त्या वाटेनं रिकाम्या डोक्यानं कधी उतरले नाही. लाकडं असायची, सीताफळं असायची, मोहाची फुलं असायची, कधी नुसतं गवत. वाट हौसेनंही चालायची असते, हे मला या वयात कळलं. चांगलंच आहे म्हणा. माझा काही राग नाही. फक्त ऐकूनच दम लागला.

वाट मी तिला सांगितली. आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायाशी. गावाची शेवटची विहीर ओलांडली की पळसाचं रान, मग साग, मग सालई. सालईपाशी वास बदलतो. ऊदबत्ती विझल्यावर राहतो ना, तसा वास. तिथून चढ सुरू. चढाच्या मध्यावर तळं. मोठं नाही, पण उन्हाळ्यातसुद्धा त्याला तळ दिसत नाही. तळ्यावरून वर गेलं की गड. बुरूज पडलेला, तोफ मातीत तोंड खुपसून पडलेली. कोणत्या राजाची कोणाशी लढाई झाली होती, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. माझे सासरे म्हणायचे भोसल्यांची आणि इंग्रजांची. शेजारच्या गंगामाय म्हणायच्या, "कोणाची का असंना, आपली नव्हती." नांगराच्या फाळाला लागलेला एक तोफेचा गोळा त्यांच्या घरी होता. त्यानं त्या खडेमीठ फोडायच्या.

आणि चढ सुरू व्हायच्या आधी, नाल्याच्या अलीकडे, वाटेपासून जरा आत, गोट्यांचा ढीग. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. त्या ढिगाबद्दल मी मंजूला सांगितलं, तसंच तुम्हालाही सांगते. जुन्या लढाईला वर जाताना प्रत्येक माणसानं आपल्या घरून एक गोटा आणला आणि तिथे ठेवला. जो परत आला त्यानं आपला गोटा उचलून नाल्यात फेकला. जे आले नाहीत त्यांचे गोटे राहिले, तो ढीग. तेव्हापासून गावाची रीतच पडली. रोजच्या कामाला जाणाऱ्यानं ठेवायचा नाही. पण डोंगराच्या पलीकडच्या मुलखात, नाहीतर लांब देशाला कोणी निघालं, की घरचा एक गोटा तिथे ठेवायचा आणि परत आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

हे सगळं मी आता अगदी जाणतीसारखं सांगते आहे. पण ज्या वर्षी ते मला माहीत असायला हवं होतं, त्या वर्षी माहीत नव्हतं.

मी खामगावकडची, काळ्या जमिनीवरची. माहेरी डोंगर नाही, ढीग फक्त कापसाचा. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आले. तेव्हा आपला वऱ्हाड नागपूरच्या मध्यप्रांताला जोडलेला होता, राज्य इंग्रजाचं होतं, आणि कुठेतरी लांब मोठी लढाई चालू होती. लढाई आम्हाला दिसायची ती अशी, की घासलेट मिळत नव्हतं, लुगडं मिळत नव्हतं, आणि जंगलातला चांगला साग तोडून गाड्या भरभरून जात होत्या. कधी वरून विमान गेलं, की सगळं रान मान वर करून बघायचं. बायाही आणि गाईही.

आमच्या घरातूनही एक माणूस त्या लढाईत गेला होता. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. बैलं हाकण्यात हुशार होते, म्हणून पलटणीत त्यांना खेचरं हाकायला घेतलं होतं. ब्रह्मदेशाकडे आहेत, एवढंच माहीत होतं. मी त्यांना कधी पाहिलंच नाही. मी आले तेव्हा ते गेलेले होते. माझ्यासाठी ते म्हणजे खुंटीवरचा एक फेटा, आणि जाऊबाईंच्या बोलण्यातले "ते."

जाऊबाईंना आम्ही नुसतं बाई म्हणायचो. उंच, हाडाच्या, बोलायला कमी. मूलबाळ नव्हतं. होळीपासून भासऱ्यांचं पत्र नव्हतं. पोस्टमन गल्लीत शिरला की बाई हातातलं काम तसंच चालू ठेवायच्या, पण हात हळू व्हायचा. जातं असलं तर आवाजावरून कळायचं. पोस्टमन पुढे गेला की जातं पुन्हा नेहमीसारखं.

त्या आश्विनात आम्ही तिघी रोज सीताफळांना जायचो. बाई, गंगामाय आणि मी. पहाटे निघायचं, तळ्याच्या वरच्या उतारावर फळं तोडायची, डोक्यावर पाट्या घेऊन उतरायचं. उतरणं चढण्यापेक्षा वाईट. मान आखडते, पायाची बोटं वहाणेत पुढे सरकतात, आणि वरून घाम डोळ्यात येतो तो पुसायला हात मोकळा नसतो. मी रोज रात्री ठरवायची की उद्या सांगावं, ताप आहे. सकाळी बाई माझी पाटी माझ्याआधी उचलून उंबऱ्यावर ठेवायच्या. मग कसला ताप.

एका दुपारी बाई म्हणाल्या, "तू व्हय पुढं. नाल्यापाशी चूल पेटव, बेसन टाक. आम्ही येतोच." भाकरी घरून आणलेल्या असायच्या; बेसन, म्हणजे पिठलं, एरवी वर तळ्याकाठीच शिजवायचो, नाल्यापाशी तो पहिलाच दिवस. मी खाली आले. पाय थरथरत होते, पोटात आग पडली होती. चुलीला तीन गोटे हवे होते. नाल्यातले ओले, गोल, घसरणारे. आणि इकडे हा एवढा मोठा ढीग. दोन उचलले. तिसरा पाहिला आणि मला अगदी आनंद झाला. फुटका वरवंटा! कोणीतरी टाकून दिलेला. फुटलेली बाजू सपाट, उभा केला की हलत नाही. अस्सा छान बसला चुलीला.

बेसन उतू गेलं. मी फुंकण्यात होते, लक्ष राहिलं नाही. दोघी आल्या, आम्ही जेवलो. गंगामाय म्हणाल्या, "खामगाववाली, बेसन मस्त केलं वं. तिखट जरा माहेरी राह्यलं वाट्टे." बाई झाडाला टेकून डोळे मिटून जेवत होत्या. दमलेलं माणूस ताटाकडेही बघत नाही, चुलीकडे कुठून बघणार. मी विस्तवावर पाणी टाकलं आणि आम्ही निघालो.

चार दिवसांनी सोमवार होता. दर सोमवारी बाई ढिगापाशी जाऊन एकदा बघून यायच्या, हे मला माहीत होतं. मला वाटायचं की देवस्थान असेल. त्या दिवशी गेल्या आणि परत आल्या त्या पळत. बाईंना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावरचा पदर नाही, चेहरा असा, की मला ओळखूच येईना.

"गंगामाय, गोटा नाही!" बाई म्हणाल्या. "आले वं ते! त्यायनं काढला गोटा!"

"हळू बोल," गंगामायनी इकडे तिकडे पाहिलं. "आले तं घरी काऊन नाही आले?"

बाईंनी पदर डोक्यावर घेतला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पयून आले असतीन."

पलटणीतून पळून आलेल्या माणसाला पोलीस शोधतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग तो घरी कसा येईल? गडावर लपला असेल. असं बाईंनी दोन श्वासांत ठरवलं. मग माझ्याकडे वळल्या आणि सांगायला लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी ते चारोळ्या फोडत बसले होते, वरवंटा दगडावर आपटला आणि फुटून दोन तुकडे झाले. बाई चिडल्या. ते म्हणाले, बरं झालं, घरचा गोटा पाहिजेच होता. एक तुकडा ढिगाला, एक तुकडा घरी. "तू चटणी वाटतं ना रोज, आखूड वरवंट्यानं? थोच दुसरा तुकडा."

माझ्या पायाखालची वाट सरकली. रोज ज्या तुकड्यावर माझा हात, त्याचा जोडीदार मी ओळखला नव्हता. मला वाटायचं, या घरातला वरवंटाच आखूड आहे.

सांगायला हवं होतं. तिथेच, त्याच क्षणी. तोंड उघडलंही होतं मी. पण बाईंचा तो चेहरा समोर होता.

दुसऱ्या दिवसापासून बाई तीन भाकरी जास्त थापायला लागल्या. फडक्यात बांधून, वर मिरचीचा ठेचा घालून, गडावर पडक्या बुरजाच्या कोनाड्यात ठेवायच्या. तिसऱ्या दिवसाची भाकरी ठेवायला गेलं की दुसऱ्या दिवसाची गेलेली असायची. गडावर वानरं किती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंना नव्हतं का? पण फडकं उचलून त्या मला दाखवायच्या, "पाह्य, ठेचा बी खाल्ला. त्यायले तिखट लागते." मी मान हलवायची. ती भाकरीची पुरचुंडी वर न्यायचं काम माझ्याकडे होतं. तीन भाकरींचं वजन ते काय. पण खरं सांगते, भरल्या पाटीनं माझी मान कधी दुखली नाही एवढी त्या पुरचुंडीनं दुखली.

बाईंनी बांगड्या भरल्या. घर सारवलं. खुंटीवरचा फेटा धुतला आणि वाळत घातला तो आतल्या खोलीत, कोणाला दिसू नये म्हणून. जात्यावर ओव्या म्हणायला लागल्या. गंगामाय एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, हे बरं नाही. पाटलाच्या कानावर गेलं तं घराची झडती होईन. आन् वर ते नसतीनच, तं हिचं काय होईन?" आणि त्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "सोमवारी मी वरच राहीन रात्री. एकट्या माणसाले भ्या वाटत असीन."

गडावर बिबट्या होता. रात्री त्याचं खोकणं गावापर्यंत यायचं.

आता मात्र मला झोप येईना. आणि जे सुचलं ते सांगायचं नाही सुचलं, लपवायचं सुचलं. रविवारी दुपारी मी एकटी नाल्यापाशी गेले. वरवंटा राखेत तसाच पडला होता, कोळशासारखा काळा. पदराखाली घेऊन तळ्यावर गेले. वाळूनं घासला, मातीनं घासला, शेवाळानं घासला. नखं दुखायला लागली. काळं गेलं बरंचसं. आणून जागेवर ठेवला, जिथून उचलला होता तिथेच; चुलीचे बाकीचे दोनही ढिगात परत ठेवले. मनाशी म्हटलं, बाई बघतील, समजतील की आपल्यालाच नीट दिसला नव्हता. संपलं. सोळाव्या वर्षाची अक्कल ती केवढी! तो गोटा पुन्हा तिथे दिसणं म्हणजे माणूस परत निघून गेला असाही अर्थ होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सोमवारी बाई पुढे, हातात घोंगडी आणि भाकरी. मी मागे. ढिगापाशी त्या थांबल्या. मग खाली बसल्या. गोट्याला हात लावायचा नाही अशी रीत, पण त्यांनी तो उचलला. उलटा केला. फुटलेल्या बाजूला जी बारीक चीर होती, तिच्यात पिवळं काहीतरी अडकलं होतं. वाळू तिथपर्यंत पोचली नव्हती. बाईंनी नखानं ते काढलं, वास घेतला.

हळद.

मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी उतू गेलं होतं, नाही?"

"हाव," मी म्हटलं. आणि तिथेच बसून रडायला लागले. "बाई, मले माहीत नव्हतं वं. मले कोणी सांगतलंच नाही."

"खरं हाय. म्याच नाही सांगतलं." त्यांनी गोटा जागेवर ठेवला. हळू, जसं झोपलेलं मूल ठेवतात. मग फडकं सोडलं, भाकरी काढली, अर्धी माझ्या हातात दिली. "खाय. वर न्यायची नाही आता."

आम्ही दोघींनी ढिगापाशी बसून ती भाकरी खाल्ली. ठेचा इतका तिखट, की रडण्याला निमित्त झालं. खाऊन झाल्यावर बाई उठल्या, घोंगडी झटकली आणि म्हणाल्या, "आठ दिवस आले होते ते. तुह्यामुळं आले. कोण आणते एवढं?"

हे त्या रागानं म्हणाल्या की मायेनं, हे मला तेव्हा कळलं नाही. साठाच्या वर वर्षं झाली, अजून दर सीताफळाला मी ते वाक्य उलटंपालटं करून बघते.

लढाई संपली. गावातले दुसरे दोघे परत आले, आपापला गोटा काढून नाल्यात फेकला, गावानं गुलाल उधळला. भासरे आले नाहीत. कागदही आला नाही, मेल्याचा नाही आणि जित्याचाही नाही. मध्यप्रांत गेला, इंग्रज गेला, आम्ही मुंबईकडे जोडले गेलो, मग महाराष्ट्र झाला. बाईंनी कुंकू पुसलं नाही. कोणी काही बोललंच तर म्हणायच्या, "गोटा हाय ना जागेवर? मंग वाट बी हाय." दर सीताफळाला आम्ही दोघी जायचो. पुढे पुढे तळ्यापर्यंतच. मग नुसत्या ढिगापर्यंत. अगदी शेवटच्या वर्षी बाईंना मी हाताला धरून नेलं होतं. मी म्हटलं, "बाई, आता काढू का? किती दिवस ठेवता?" तर म्हणाल्या, "हात नको लावू. तुले बेसनच सुचते." आणि बोळक्या तोंडानं इतक्या हसल्या, की मला त्यांना टेकवून बसवावं लागलं. कुंकू लावूनच गेल्या.

तर हे सगळं मंजूला सांगितलं. सगळं म्हणजे, हळदीचं सोडून. "तुम्ही पार गडाच्या पलीकडं चालले, तं घरचा गोटा ठेवून जाय," मी म्हटलं. "येताना आठवणीनं काढ." तिला गंमत वाटली. घरात गोटा म्हणावा असा आता एकच, पुढचं दार वाऱ्यानं लोटू नये म्हणून लावायचा. तो तिनं पाठीवरच्या पिशवीत घातला. "आजी, केवढा जड आहे!" म्हणाली. जड असतोच.

दिवसभर मी दारात बसून होते. दाराला गोटा नव्हता, म्हणून ते सारखं लोटत होतं आणि मी सारखी उठून उघडत होते. उठ-बस, उठ-बस. सूनबाई म्हणाली, "आई, राहू द्या ना बंद." कसं राहू द्यावं?

दिवेलागणीला जीप आली. मंजू लंगडत उतरली, धुळीनं भरलेली. पायरीवरच बसली, बूट काढले. टाचा सोलल्या होत्या.

"गोटा काढला?" मी विचारलं.

तिनं जीभ चावली. "आजी, अगं, आम्ही त्या वाटेनं आलोच नाही. गडावरून पलीकडे उतरलो, जीप तिकडेच बोलावली होती. गोटा राहिला तिथेच."

मला असा राग आला! तोंडावर आलं होतं, की पोरी, एवढं एक काम सांगितलं होतं. पण ती पायरीवरच मान टाकून झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मी खोबरेल तेल आणलं आणि तिच्या टाचांना लावत बसले. गरम होते पाय. चांगले धडधाकट, जिवंत, दमलेले पाय. पोरगी इथे माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली आहे, आणि तिकडे ढिगावर तिचा गोटा सांगतो आहे की ती आली नाही.

तेल लावता लावता माझा हात हळू झाला.

एवढी वर्षं त्या ढिगाकडे पाहिलं आणि हे एकदाही मनात आलं नाही. ना माझ्या, ना बाईंच्या. डोंगराला काय एकच वाट असते? त्या ढिगातले किती जण दुसऱ्या अंगानं उतरले असतील, कुठल्या तरी गावाला, कुठल्या तरी पायरीवर, असेच बूट काढून निजले असतील. बाईंना हे सांगायला हवं होतं. हे ऐकून त्या काय म्हणाल्या असत्या, तेही मला माहीत आहे. म्हणाल्या असत्या, "मंग ठेचा कोणी खाल्ला?"

वारा सुटला आणि दार पुन्हा लोटलं. गुडघे धरून मी उठले, स्वयंपाकघरात गेले. मिक्सर आल्यापासून पाटा कोपऱ्यात उभा असतो. त्याच्यामागून तो आखूड वरवंटा काढला, दोन्ही हातांनी धरून आणला, आणि दार सताड उघडून त्याला लावून ठेवला. फुटलेल्या बाजूवर उभा केला. हलत नाही. छान बसतो.